मृगाच्या अलीकडे : गिरणगावातल्या कुंड्यांचा उन्हाळा

दरवर्षी १५ मेच्या आसपास, दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर, मुंबईत उभ्या खांबाची सावली काही क्षण नाहीशी होते. हौशी खगोलप्रेमी गच्चीवर बाटल्या उभ्या करून हा शून्य सावलीचा दिवस पाहतात. लोअर परळच्या ज्या घरांत गॅलरीत कुंड्या आहेत, तिथे या दिवसाला वेगळाच अर्थ आहे. त्या दिवसापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य डोक्याच्या उत्तरेकडून फिरतो आणि दक्षिणेला तोंड केलेल्या भिंतीवर दिवसभरात थेट ऊन पडतच नाही. डिसेंबरात ज्या गॅलरीत ऊन पलंगाच्या पायापर्यंत येत होतं, जिथे टोमॅटो लगडले होते, तिथलीच मिरची मेमध्ये उंच, फिकट आणि बिनफुलांची होते. घरचे खत घालतात, औषध फवारतात, नर्सरीवाल्याला चार शब्द सुनावतात. झाडाला काहीच झालेलं नसतं. सूर्य इमारतीच्या मागच्या बाजूला गेलेला असतो.

आणि मागच्या बाजूला काय असतं? बहुतेक घरांत स्वयंपाकघराची खिडकी किंवा मोरी. हिवाळाभर जिथे पुदिनाही जेमतेम जगला, त्या उत्तरेच्या खिडकीत आता सकाळी तिरपं ऊन येतं, संध्याकाळी पुन्हा येतं. ज्यांना हे उमगलं ते एप्रिलअखेर दोन-तीन कुंड्या उचलून घरातून पलीकडे नेतात. त्यांची भेंडी मेमध्ये फुलते. शेजाऱ्यांना वाटतं, यांच्या हाताला गुण आहे.

पश्चिमेच्या गॅलरीची गोष्ट निराळी. तिथे दुपारी एकपासून सात वाजेपर्यंत सूर्य समोर उभा. त्यात लोअर परळमध्ये अलीकडे आणखी एक सूर्य उगवला आहे : समोरच्या टॉवरची काच. पूर्वेला तोंड असलेल्या जुन्या चाळीला दुपारी सावली मिळायची. आता समोरच्या काचेवरून परतलेलं ऊन तिथे तासभर येऊन बसतं. गिरणीच्या जागी ऑफिसं आली त्याची कथा बऱ्याच अंगांनी सांगून झाली आहे, पण तुळशीची पानं अवेळी का करपतात या अंगाने ती फारशी कोणी सांगितलेली नाही.

पुढील पानांचा विषय एवढाच आहे : चैत्रापासून मृगापर्यंत, म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापासून ७-८ जूनपर्यंत, गिरणगावातल्या गॅलऱ्या, खिडक्या आणि गच्च्यांवर भाजीचं आणि कुंड्यांतल्या झाडांचं काय होतं. मराठीत बागकामावर लिहिलं जातं त्यात बहुधा परस गृहीत धरलेला असतो. विहिरीचं किंवा नळाचं सढळ पाणी, सांडपाण्यावर वाढलेली केळ, कुंपणावरचा घेवडा. हवाही बहुधा पुण्याची असते, कोरड्या दुपारींची आणि गार रात्रींची. लोअर परळला परस नाही, रात्र गार नाही आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते. तिथला उन्हाळा वेगळा लिहायला हवा.

हा भाग कायमच बिनमातीचा होता असं मात्र नव्हे. दक्षिण-मध्य मुंबईची नावं वाचली तर भाजीबाजारात उभं राहिल्यासारखं वाटतं. गिरगावात कांदेवाडी, केळेवाडी, फणसवाडी, आंबेवाडी, मुगभाट. पुढे ताडदेव, चिंचपोकळी, लालबाग. भेंडीबाजाराच्या नावावरून वाद आहे. कोणी म्हणतं ते साहेबाच्या ‘बिहाइंड द बझार’वरून आलं, कोणी म्हणतं भेंडीच्या झाडांवरून. ती भेंडी असली तरी भाजीची नव्हे, पिवळ्या फुलांचा मोठा वृक्ष. दोघीही जास्वंदीच्याच कुळातल्या, एवढं नातं खरं. शिवडीला पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची बाग होती. ती जागा १८६० च्या दशकात दफनभूमीसाठी गेली आणि बागेचं काम भायखळ्याला, १८६२ साली उघडलेल्या राणीच्या बागेत सरकलं. त्याच राणीच्या बागेत महापालिकेचं झाडं, फुलं, फळं आणि भाज्यांचं प्रदर्शन भरतं. तेही हिवाळ्याच्या शेवटाला, कारण त्यानंतर कोबी दाखवायला उरत नाही.

मग गिरण्या आल्या, चाळी आल्या, आणि वाड्यांची नावं तेवढी राहिली. पण चाळीत राहायला आलेले लोक शेतीतलेच होते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेल्या गिरणी कामगारांच्या घरांत आगर, वायंगण, मळा, परडं हे शब्द रोजच्या बोलण्यात होते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या माणसांच्या डिलाईल रोडवर, अशा ३२ इमारती. त्या खोलीत माणसंच दाटीवाटीने राहत, पण खिडकीच्या गजांना तारेने बांधलेला तेलाचा डबा असायचाच आणि त्यात तुळस, गवती चहा किंवा पानओवा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबला, पुष्कळ कुटुंबं गावी परतली. डबे ज्यांच्या खिडकीत राहिले त्यांनी त्यांत पाणी घातलं. आज त्याच चाळींच्या जागी म्हाडाचे ५०० चौरस फुटांचे फ्लॅट उभे राहत आहेत. घर तिपटीने मोठं झालं, पण डबा टांगायला गजाची खिडकी नाही आणि सामायिक गॅलरीही नाही. तिथे राहायला जाणाऱ्यांपुढे पहिल्या उन्हाळ्यातला प्रश्न भाजी कोणती लावायची हा नसेल, डबा ठेवायचा कुठे हा असेल.

आता रात्रीबद्दल. मुंबईचं मेमधलं कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. विदर्भातल्या माणसाला ते ऐकून हसू येईल. पण किमान तापमान २७ च्या घरात राहतं, पुण्याच्या रात्रीपेक्षा चार-पाच अंश जास्त. टोमॅटोचं सगळं गणित या रात्रीवर आहे. रात्र २१-२२ अंशांपेक्षा गरम राहू लागली की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत, फूल येतं, देठाशी पिवळं पडतं आणि गळतं. झाड हिरवंगार, फुलं भरपूर, फळ शून्य. दरवर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या बागकाम करणाऱ्यांत हीच तक्रार फिरते आणि दरवर्षी त्यावर पोटॅश, ताक, केळ्याची साल असे उपाय सुचवले जातात. उपाय एकच आहे : टोमॅटो ऑक्टोबरात लावणे. कोथिंबिरीचंही तेच, उन्हाळ्यात ती चार पानांवर फुलोरा धरते आणि धने देऊन मोकळी होते. पालक आणि शेपूचाही आग्रह धरू नये.

मग लावायचं काय? ज्यांना गरम रात्र चालते, किंबहुना हवीच असते, त्या भाज्या. भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, अंबाडी, मायाळू, वांगी, मिरची. जागा असेल तर काकडी, कारलं, दोडका, दुधी, पडवळ. यांतली बहुतेक नावं चाळीतल्या आजीला पाठ असतात, कारण गावाकडे उन्हाळी मळ्यात हीच असत. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच दमट हवेसाठी वाण काढले आहेत : कारल्याचा कोकण तारा, दोडक्याचा कोकण हरिता, पडवळाचा कोकण श्वेता, चवळीचा कोकण सदाबहार, माठाचा कोकण दुरंगी. नर्सरीतल्या चकचकीत पाकिटावर परदेशी काकडीचा फोटो असतो; दापोलीचं पाकीट दिसायला साधं. लोअर परळच्या खिडकीला मानवण्याची शक्यता दुसऱ्याची जास्त.

यांत भेंडी ही गॅलरीची पट्टराणी. बी रात्रभर भिजवून १२ इंची कुंडीत टोचलं की गरम मातीत चार-पाच दिवसांत उगवतं. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पहिलं फूल, पिवळं, आत गडद मरून डोळा. ते एकच दिवस उमलतं. त्याला मधमाशीची गरज नाही, स्वतःच्याच परागावर भागतं. म्हणून विसाव्या मजल्यावरही भेंडी लागते. फुलापासून पाच-सहा दिवसांत भेंडी काढायची. आणखी दोन दिवस ठेवली की निबर, सुरीला दाद न देणारी. शनिवार-रविवारीच बागेकडे पाहणाऱ्यांच्या वाट्याला म्हणून निबर भेंडीच जास्त येते.

हिशेबही सरळ मांडावा. चार माणसांच्या भाजीला अर्धा किलो भेंडी लागते, म्हणजे पस्तीस-चाळीस शेंगा. एक झाड जोमात असलं तर दिवसाआड एक शेंग देतं. आठवड्यातून एकदा घरची भाजी करायची तर दहा झाडं हवीत, आणि दहा १२ इंची कुंड्या म्हणजे गॅलरी संपली. चार झाडं असली की रोज एक-दोन शेंगा निघतात आणि फ्रिजमध्ये वाटीत साठत राहतात. आठव्या दिवशी बाजारातली पाव किलो त्यांत मिसळावी लागते. घरी पिकवल्याने भाजीचा खर्च वाचतो असं सांगणाऱ्यांनी कुंडी, लाल माती, खत आणि नर्सरीतून टॅक्सीने आणण्याचा खर्च धरलेला नसतो. कडीपत्ता, मिरची, पुदिना आणि गवती चहा मात्र खरोखर वाचवतात, कारण ते दोन-चार पानांच्या हिशेबाने लागतात आणि बाजारात जुडीने घ्यावे लागतात.

अगदी कमी जागेत, कमी दिवसांत आणि ऐन उन्हाळ्यात येणारी मुंबईची स्वतःची भाजी एकच : वाळूतली मेथी. समुद्रकाठच्या रेताड जागेत दाट पेरून, कोवळी असतानाच मुळासकट उपटून हिच्या बोटभर जुड्या बाजारात येतात. जगभरच्या महागड्या उपाहारगृहांत आता अशा कोवळ्या रोपांना वेगळं नाव आणि वेगळा भाव आहे; दादरच्या बाजारात ती कायम टोपलीत बसलेली आहे. घरात ती पसरट ट्रेमध्ये, वाळू आणि कोकोपीट निम्मंनिम्म घालून, आठ-दहा दिवसांत होते. खत लागत नाही; बियाच्या पोटात असतं तेवढंच पुरतं. सावली चालते. ज्याला बागकामाचा धीर नाही त्याने इथून सुरुवात करावी.

वेलभाज्यांना उंचीवर अडचण येते ती कीटकांची. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात. दोडका संध्याकाळी आणि दुधी त्याहूनही अंधार पडता. आधी आठवडाभर नुसती नरफुलं येतात आणि गळतात, तेव्हा घाबरायचं नसतं. मादीफुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, ते दिसलं की नरफूल तोडून त्याचे केसर त्यावर टेकवायचे. दुधी आणि दोडका हे काम संध्याकाळी मागतात, म्हणजे ऑफिसातून सातला घरी येणाऱ्या माणसालाही ते जमतं. गिरणगावात पूर्वी भोंग्यावर दिवस चालत असे. आता फुलझाडांतला चिनी गुलाबही ‘ऑफिस टाइम’ या नावाने ओळखला जातो, कारण तो दहाच्या सुमारास उमलतो आणि दुपार ढळली की मिटतो. उन्हाळ्यात कमीत कमी पाण्यावर भरपूर फुलणारं त्याच्यासारखं झाड नाही. मोगऱ्याचाही हाच हंगाम. जानेवारी-फेब्रुवारीत छाटलेला मोगरा एप्रिलमध्ये दादरच्या फूलबाजाराशी स्पर्धा करतो, न छाटलेला नुसती पानं दाखवतो.

पाण्याचं प्रकरण नाजूक आहे. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं, उन्हाळ्याच्या शेवटी तलाव तळाला जातात आणि कपात होते. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली होती. ठरलेल्या तासातच नळाला पाणी येणाऱ्या चाळीत भरलेलं पिंप आधी माणसांचं. १२ इंची कुंडीतल्या भरल्या झाडाला मेमध्ये दिवसाला एक-दीड लिटर लागतं. पंधरा कुंड्या म्हणजे मोठी बादली भरून. ती बादली घरातल्या बाईने दोनदा वापरलेल्या पाण्यातूनच भरते : तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. मालवणी घरांत मासळी धुतलेलं पाणी कडीपत्त्याला जातं आणि कडीपत्ता त्यावर काळाभोर होतो. वास दुपारपर्यंत राहतो, ही त्याची किंमत. टॉवरमध्ये वेगळा झरा आहे. दमट हवेत एसीतून दिवसाला काही लिटर पाणी ठिबकतं आणि त्यात क्षार जवळपास नसतात. नळीखाली बादली ठेवली की झालं. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी मात्र कुंडीला देऊ नये, कुंडीत ते झिरपून जायला जमीन नसते.

तहानेने मेलेल्या झाडांइतकीच पाणी पिऊन मेलेली झाडं लोअर परळमध्ये सापडतील. दुपारी दोनला दुधीची पानं छत्री मिटल्यासारखी लोंबतात. मुळं जेवढं ओढतात त्यापेक्षा पानांतून जास्त उडतं म्हणून झाड स्वतःला मिटून घेतं. संध्याकाळी ते आपोआप उभं राहतं. पण दुपारची ती अवस्था बघवत नाही, म्हणून तांब्याभर पाणी पडतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि आठवड्याने मुळं कुजतात. बोट मातीत दोन पेरं खुपसून पाहावं. ओल लागली तर तांब्या परत न्यावा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये हे महापालिकेचा कीटकनाशक विभाग दरवर्षी सांगतो, कारण डेंग्यूचा डास तिथेच आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पंखापर्यंत पोचतो.

कुंडी मातीची असेल तर तिच्या अंगातून पाणी पाझरून मुळं गार राहतात, माठाचंच तत्त्व. धारावीच्या कुंभारवाड्यातून आणलेली जाड कुंडी उन्हाळ्यात काळ्या प्लास्टिकपेक्षा कधीही बरी. अडचण वजनाची. ओल्या लाल मातीने भरलेली १२ इंची कुंडी २० किलोंच्या पुढे जाते. जुन्या चाळीच्या लाकडी गॅलरीवर अशा पंधरा कुंड्या म्हणजे चार-पाच माणसं कायमची उभी केल्यासारखं. आणि कठड्यावर तर कुंडी ठेवूच नये. खाली रस्ता आहे, रस्त्यावर माणसं आहेत.

वजनाच्या या अडचणीला मुंबईनेच एक उत्तर शोधून ठेवलेलं आहे आणि ते उन्हाळ्यातच सर्वांत स्वस्त मिळतं. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरी शेतीची जी पद्धत रुजवली, तिचा पाया उसाचं चिपाड. प्लास्टिकच्या पिशव्या, पिंपं, जुने टायर यांत चिपाड भरायचं, त्यावर थोडं खत आणि माती. चिपाड ओल धरून ठेवतं, हळूहळू कुजून खत होतं, वजनाला हलकं. मार्चपासून मुंबईच्या प्रत्येक नाक्यावर रसाचा चरक सुरू होतो आणि संध्याकाळी चिपाडाचा ढीग कचऱ्यात जातो. पिशवी घेऊन गेलं तर रसवाला नाही म्हणत नाही. ताज्या चिपाडात साखर असते, मुंग्या आणि चिलटं येतात. म्हणून ते आधी पाण्यात भिजवून, दोन-चार दिवस उन्हात टाकून मग भरावं.

या पद्धतीचं मुंबईतलं सर्वांत बोलकं उदाहरण लोअर परळपासून फार लांब नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून रोज सुमारे ३,००० कामगारांचं जेवण जायचं. भाजीची देठं, साली, उरलेलं अन्न यांचं काय करायचं या प्रश्नातून तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्याच इमारतीच्या गच्चीवर, साधारण ३,००० चौरस फुटांत, बाग सुरू केली. गोदीच्या उघड्या उन्हात, खाऱ्या वाऱ्यात. भाज्याच काय, तिथे फळझाडंही लागली आणि ओला कचरा बव्हंशी गच्चीवरच जिरला. पुढे यातून ‘अर्बन लीव्हज’ हा गट उभा राहिला आणि शहरातल्या इतर गच्च्यांवर गेला. या कामावर श्री. अ. दाभोळकरांचा ठसा आहे. गारगोटीला गणित शिकवणाऱ्या, ‘प्रयोग परिवार’ चालवणाऱ्या आणि ‘विपुलाच सृष्टी’ लिहिणाऱ्या दाभोळकरांनी दहा गुंठ्यांत कुटुंब सुखाने जगू शकतं हे मांडलं. पानावर पडणारं ऊन ही त्यांच्या लेखी मोजायची, साठवायची गोष्ट होती. गणिताच्या माणसाने शेतीकडे पाहिलं की असं होतं. लोअर परळच्या गॅलरीत गुंठे नाहीत, पण ऊन मोजण्याची सवय उसनी घेता येते. या प्रस्तावनेची सुरुवात तिथूनच झाली.

किडींबद्दल फार लिहावं असं नाही, पण एका शत्रूला टाळता येत नाही. पिठ्या ढेकूण. कापसाचे कण चिकटल्यासारखा दिसतो, जास्वंदीवर आधी येतो, मग वांग्यावर, मग सगळीकडे. याच किडीने मुंबईच्या रस्त्यांवरचे कितीतरी वर्षावृक्ष वाळवले, तिथे कुंडीतल्या वांग्याची काय कथा. सुरुवातीला जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. मग लिटरमागे पाच मिलि निंबोळी तेल, चार थेंब साबण, संध्याकाळी फवारणी. मुंग्या दिसल्या तर बघावं कशासाठी आल्या आहेत. पिठ्या आणि माव्यापाशी असतील तर त्या त्यांची राखण करतात. पण चवळीच्या वेलावर दिसणाऱ्या मुंग्यांना झाडच बोलावतं. फुलाबाहेरच्या ग्रंथींतून ते त्यांच्यासाठी गोड रस सोडतं आणि मोबदल्यात त्या वेलीची राखण करतात. कबुतरांशी असा कुठलाही करार होत नाही. ती कोवळी रोपं उपटतात, कुंडीत बसतात, अंडी घालतात. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये एवढं रान उठलं तेव्हा गॅलरीतल्या माठाची बाजू मांडायला कोणी उभं राहिलं नाही.

एवढं सगळं जमलं तरी गिरणगावातल्या उन्हाळी बागेची खरी परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात असते. घर गावी जातं. परीक्षा संपलेल्या, आंबे उतरलेले, लग्नं ठरलेली; १९९८ पासून कोकण रेल्वे, त्याआधी परळच्या डेपोतली एसटी. ज्या तीन आठवड्यांत कुंडीला रोज पाणी हवं, नेमक्या त्याच तीन आठवड्यांत दाराला कुलूप. चाळीत याचं उत्तर शेजार. गॅलरी सामायिक असल्यामुळे शेजारची वहिनी आपल्या कुंड्यांना घालताना तुमच्याही घालते, मोबदल्यात परतताना सुकी कोकमं, कुळीथ नाहीतर फणसाचे गरे येतात. टॉवरमध्ये किल्ली द्यावी लागते, आणि किल्ली द्यायची तर ओळख लागते. म्हणून तिथे तऱ्हा जास्त : कुंड्या पश्चिमेच्या गॅलरीतून उचलून न्हाणीघराच्या फरशीवर दाटीने ठेवणे, बादलीतून सुती वात कुंडीत सोडणे, मातीत लहानसं मडकं पुरून ते भरून झाकणे. मडकं सर्वांत भरवशाचं. माती कोरडी पडेल तसं ते झिरपतं, ओली असेल तेव्हा थांबतं. महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती ज्याने पाहिली आहे त्याला थेंबाथेंबाने पाणी देण्याची कल्पना नवी सांगावी लागत नाही.

गावाहून परतताना पिशवीत बी येतं. वर्तमानपत्राच्या पुडीत पडवळाचं, चिबडाचं, वालीचं. प्लास्टिकच्या पिशवीत अळूचे कांदे, माती लागलेले. हे सगळं मृगावर लावायचं असतं. रोहिणी नक्षत्र २५ मेला लागतं, मृग ७-८ जूनला. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून. नक्षत्राचा आणि हवामान खात्याचा हिशेब इतका जुळतो की चाळीतल्या आजोबांना दुसरं कॅलेंडर लागत नसे.

२०२५ मध्ये हा हिशेब चुकला. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. कुलाब्याला मे महिन्याच्या पावसाचा १९१८ चा विक्रम मोडला. अर्धी चाळ गावी होती. उन्हासाठी केलेली सगळी तयारी पावसात सापडली : उघड्यावर दाटीने ठेवलेल्या कुंड्या, ओल टिकावी म्हणून दाबून भरलेलं कोकोपीट, काठोकाठ भरलेल्या ताटल्या. मिरच्या मुळांशी कुजल्या, मोगऱ्याची कळी उमलण्याआधी तपकिरी झाली. भेंडी तगली, मायाळूने तर गज व्यापला. आणि गेल्या वर्षीच्या कुंडीत वाळून गेला म्हणून विसरलेल्या अळवाचं पहिलं गुंडाळलेलं पान मृगाच्या आधीच वर आलं. माणसं गावाहून आली तेव्हा पुडीतलं पडवळाचं बी अजून कोरडं होतं. मृगाला चार दिवस होते. ते त्याच संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, लावून टाकलं गेलं.